सोगोनाची जागा

सिराफारा या शहराच्या नावाचा अर्थच मुळी 'फाटा'. पश्चिम आफ्रिकेत, समुद्रापासून चार दिवसांच्या वाटेवर, पाच दिशांचे पाच रस्ते इथे येऊन मिळतात. दक्षिणेच्या जंगलातून केळी आणि कोलाची फळं येतात, उत्तरेकडून मीठ आणि मेंढ्या. मेंढ्या गाडीच्या टपावर उभ्या राहून प्रवास करतात, आणि खालच्या उतारूंपेक्षा त्यांनाच जास्त हवा लागते, असं इथले लोक हसून सांगतात. या गाडीतळावर वेळापत्रक नावाची चीज नाही. गाडी भरली की सुटते. वडापनं फिरलेल्या माणसाला हे वेगळं समजावायला नको.

पण कुठल्याही वडापवाल्याला वेड्यासारखी वाटेल अशी गोष्ट इथे रोज होते. गाडी दाबून भरतात, मांडीवर मूल, मुलाच्या मांडीवर कोंबडी. पण दाराजवळची एक जागा रिकामी सोडतात. नवखा माणूस तिथे बसायला गेला, नुसती पिशवी टेकवली तरी, गाडीतली कुजबुज थांबते. कुणीतरी पिशवी उचलून त्याच्या हातात देतं आणि म्हणतं, "ही सोगोनाची जागा."

गाडीतळाच्या कडेला कडुनिंबाखाली, ट्रकच्या जुन्या टायरवर, झुमाना नावाचा म्हातारा बसलेला असतो. चाळीस वर्षं त्यानं इथे हाळी देऊन उतारू गोळा केले. आता आवाज फाटला आहे, पण गोष्ट सांगण्यापुरता शाबूत आहे. गाडी भरायला वेळ लागतोच, त्यामुळे त्याला ऐकणाऱ्यांचा तोटा नाही. मध्येच सगळे हसले आणि एखादाच हसला नाही, तर मात्र तो थांबतो आणि त्या माणसाच्या पायांकडे बघत राहतो. तो का बघतो, ते गोष्ट संपली की कळतं.

गावाजवळच्या नदीवर पूल नव्हता तेव्हाची गोष्ट, असं तो सांगतो. रस्ते पाचच होते, पण गाढवांचे आणि पायी चालणाऱ्यांचे. नदीवर होडी एकच, फाद्याला कोने नावाच्या नावाड्याची. तिच्यात बारा माणसं बसत, आणि बारा झाल्याशिवाय फाद्याला होडी सोडत नसे. यात त्याचा हट्ट नव्हता. नदीच्या मध्यावर वाळूचं एक बेट आहे, त्याच्या अलीकडे तेव्हा मोठा भोवरा होता. होडी हलकी असली की तो तिला गरकन फिरवून उलटी करायचा. लोक म्हणत, मग दगड भर की! फाद्याला म्हणायचा, "दगड कलंडतो. माणूस तोल सांभाळतो."

उतारूंना हाळी द्यायचाही एक नियम होता. पलीकडच्या गावाचं नाव घ्यायचं. "सामाबुगूवाले या! सामाबुगू!" गावाचं नाव घेतलं की गाव असलेलाच येतो. 'कुणीही या' असं कधी म्हणायचं नाही, आणि धुळीच्या दिवसांत तर नाहीच नाही. पावसाळा सरून नदी उतरली की उत्तरेकडून कोरडा वारा सुटतो, आणि आठ आठ दिवस समोरचं झाड दिसत नाही. त्या धुळीत म्हणे काहीतरी चालत असतं. त्याला गाव नाही, कूळ नाही. त्याला कधी कुणी आपल्या दारात बोलावलेलं नाही. वाईट असतं की चांगलं, हे कुणालाच ठाऊक नाही. ते फक्त बोलावणं येण्याची वाट बघतं. आणि बोलावलं, की मग जात नाही.

सोगोना त्राओरेला हे लहानपणापासून माहीत होतं. ती सिराफाराची सुईण. गावातली निम्मी माणसं तिच्या हातांवर जन्मली होती आणि त्यातल्या प्रत्येकाला ती ते आठवणीनं ऐकवायची. फाद्यालाशी तर तिचं थट्टेचं नातं. या मुलखात कुळाकुळांमध्ये असं नातं असतं. त्राओरेनं कोनेला भर बाजारात 'चवळीखाऊ' म्हणावं, कोनेनं त्राओरेला 'आमच्या घरचा गडी' म्हणावं, आणि दोघांनी पोट धरून हसावं. रागावला तो माणसांतून उठला. या नात्याची दुसरी बाजू अशी, की थट्टेच्या नात्यातल्या माणसानं काही मागितलं तर नाही म्हणता येत नाही. मग ते काहीही असो.

त्या सकाळी पलीकडून आलेल्या होडीनं सोगोनासाठी निरोप आणला. तिची मुलगी अस्सा सामाबुगूला दिली होती. अस्साला कालपासून कळा सुरू होत्या आणि मूल आडवं होतं. आधीची दोन बाळं तिथल्या बायकांच्या हातून गेली होती. दुसऱ्या खेपेला अस्साही जाता जाता वाचली होती. तिसऱ्या खेपेला ती वाचणार नाही, हे सोगोनाला कुणी सांगायची गरज नव्हती. आडवं मूल पोटातल्या पोटात वळवणारे हात आसपासच्या मुलखात तिचेच होते.

तिनं कमरेला गाठोडं बांधलं, पाण्याचा भोपळा घेतला आणि धावत काठावर आली. होडीत दहा माणसं होती. ती अकरावी. एक कमी.

वारा सुटलेला. सूर्य वर आला होता, पण राखेखालच्या निखाऱ्यासारखा, त्याच्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता येत होतं. अशा दिवशी घराबाहेर कोण पडतो? फाद्यालानं हाळी देऊन देऊन घसा बसवून घेतला. सूर्य डोक्यावर आला. बारावा काही येईना. सोगोनाच्या डोळ्यांपुढे अस्साचं पोट होतं, एका अंगाला कललेलं, ताठ. आता कळ आली असेल. आता थांबली असेल. आता पुन्हा. ती बसल्या जागी हात चोळत होती. शेजारी कादिया नावाची कोलाची फळं विकणारी बाई बसली होती. सात लेकरांची आई, शेवटची तीन सोगोनाच्याच हातची. ती म्हणाली, "येईल गं कुणीतरी."

फाद्याला होडीत साचलेलं पाणी उपसायला वाकला. तेवढ्यात सोगोना उठली, काठावर चढली आणि धुळीकडे तोंड करून ओरडली, "एक जागा आहे! कुणीही या!"

शब्द तोंडातून गेला आणि मग तिला कळलं. होडीतल्या सगळ्यांनी ऐकलं होतं. कुणी मान वर केली नाही. आणि वारा थांबला. आठ दिवसांत पहिल्यांदा. धूळ होती तिथेच हवेत उभी राहिली.

मग कुणीतरी येताना दिसलं. सिराफाराला रस्ते पाच. हे त्यांतल्या एकाही रस्त्यानं आलं नाही, असं सांगतात. दोन रस्त्यांच्या मधून आलं, जिथे नुसती काटेरी झुडपं आहेत. डोक्यापासून घोट्यापर्यंत मातकट कापडात गुंडाळलेलं. पण धुळीत सगळेच तसे गुंडाळलेले असतात. सोगोनानं स्वतःला सांगितलं, माणूसच आहे. उशिरा निघालेला, वाट चुकलेला माणूस. तिला तसं असायला हवं होतं, म्हणून तिनं तसं मानलं.

फाद्यालानं रीतीप्रमाणे विचारपूस सुरू केली. या मुलखात भेटताना आणि निरोप घेताना ती कुणी टाळत नाही आणि कुणी मध्येच तोडत नाही.

"घरी सुख?"

"सुखच."

"लेकरं-"

"सुखच."

पुढचा प्रश्न फाद्यालाच्या ओठांवर यायच्या आतच पुन्हा, "सुखच." जणू उत्तर आधीपासून तोंडात तयार धरून ठेवलं होतं. फाद्याला क्षणभर थबकला. पण बारा झाले होते आणि सोगोनाचं तोंड त्याला बघवत नव्हतं. त्यानं होडी लोटली.

होडी चालू झाल्यावर सोगोनाची नजर खाली गेली. अकरा जणांचे पाय गुडघ्यांपर्यंत धुळीनं माखलेले. बाराव्याचे पाय स्वच्छ. नुसते धुतलेले नव्हेत. तिनं असे तळवे शेकड्यांनी पाहिले होते, ओले, सुरकुतलेले, गुलाबी. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचे. जमिनीला अजून एकदाही न टेकलेले. हे मोठे होते, एवढंच. तिनं आपले पाय आखडून घेतले.

भोवरा आला, होडी डळमळली, बारा जणांच्या भारानं सावरली आणि पार झाली. कुणी सुटकेचा श्वास टाकला नाही. शांतता सोसेना म्हणून फाद्यालानं पाहुण्याला विचारलं, "कूळ कुठलं, भाऊ?"

त्यानं सोगोनाकडे मान वळवली आणि म्हटलं, "त्राओरे."

"त्राओरे? म्हणजे आमच्या घरचा गडीच की!" फाद्याला मोठ्यानं म्हणाला. "मग बसलास काय? ऊठ, पाणी उपस!"

सगळे त्याच्या हसण्याची वाट बघत होते. परका, थकलेला, दुखणाईत, कसलाही त्राओरे असता तरी इथे हसला असता. उलट उत्तर दिलं असतं. चवळीखाऊ म्हणाला असता. त्या कापडाच्या आत काहीच हललं नाही. मग आतून आवाज आला, "का?"

कादियाच्या टोपलीतली फळं होडीच्या तळाशी घरंगळली. ती उचलायला कुणी वाकलं नाही.

त्याच क्षणी, म्हणे, होडी थांबली. वाळूच्या बेटापाशी, गळ्याइतक्या पाण्यात, जिथे तळ लागायचं काही कारण नव्हतं. फाद्यालानं बांबू रोवून जोर केला. बांबू वाकला, होडी तसूभर सरकेना. काठोकाठ पाणी आलं होतं, एवढा भार.

"मला कुणी बोलावलं?" त्यानं विचारलं. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं झुमाना म्हणतो. "बोलावणाऱ्याचं घर ते माझं घर. तो जाईल तिथे मी."

सोगोनाला सगळं एका झटक्यात दिसलं. सामाबुगू, अस्साची झोपडी, दारात स्वतः ती, आणि तिच्यामागून, वाकून आत येणारं हे. बाळंतिणीच्या खोलीत. जिथे अजून एक जीव यायचा आहे आणि जागा रिकामी आहे.

"मी बोलावलं," फाद्याला म्हणाला.

तो खोटं बोलला. हाळी देणं त्याचं काम, होडी त्याची, तेव्हा हाळीतली चूकही त्याचीच, असा त्याचा हिशेब. ते त्याच्याकडे वळलं आणि होडी त्याच्या बाजूला कलली. फाद्यालाच्या घरी बायको होती, चार लेकरं होती. शिवाय बेटापलीकडचा प्रवाह वाकडातिकडा, बुडालेल्या झाडांनी भरलेला. त्यातली वाट फाद्यालाशिवाय एकालाही माहीत नव्हती. सोगोना हे जाणत होती. तरी ती गप्प राहिली. किती वेळ ते कुणी सांगत नाही, पण राहिली. गप्प राहिलं तर ती कशीबशी पलीकडे पोचणार होती. आई होती ती. सांगणारे हे लपवत नाहीत.

फाद्यालानं बांबू खाली ठेवला आणि उतरण्यासाठी एक पाय पाण्यात टाकला. तेव्हा ती बोलली.

"अरे चवळीखाऊ, तुला धड खोटंही शिजवता येत नाही! बांबू उचल." मग ती त्या कापडाकडे वळली. "मी बोलावलं. माझं घर इथेच आहे, या वाळूवर. मी इथे उतरते."

"सोगोना, नको," फाद्याला म्हणाला.

"मी त्राओरे, तू कोने. मी मागते आहे. यांना पलीकडे ने."

नाही म्हणायची सोय नव्हती. फाद्याला रडत होता, आणि त्यानं बांबू उचलला.

भोपळा होडीतच ठेवून ती पाण्यात उतरली, गळाभर पाण्यातून चालत बेटावर चढली. ते तिच्यामागून गेलं. पाण्यावर तरंग उठला तो एकटीचाच. होडी वर आली, हलकी झाली. पण सोगोना वाळूवर वळून उभी राहिली आणि म्हणाली, "थांब. माझा निरोप व्हायचा आहे. कादिया, विचार मला."

निरोप चालू असताना मध्ये बोलायचं नाही, ही रीत त्यालाही ठाऊक होती. लोकांच्या दारांबाहेर उभं राहून ते एवढंच तर शिकलं होतं. ते तिच्यामागे उभं राहिलं, आणि थांबलं.

कादिया होडीच्या काठाशी सरकली. "घरी... घरी सुख?"

"सुखच. भोपळा घे हातात. हे पोट समज. एक हात डोक्यावर, एक हात बुडावर."

"लेकरं सुखात?"

"सुखच. कळ आली की थांबायचं. कळ गेली की सरकवायचं, बोटभरच. ओढायचं नाही. कुणी ओढायला लागलं तर त्याचा हात चाव."

"शेजारीपाजारी सुखात?"

"सुखच. फिरव भोपळा. हळू. अगं, हळू! हां, अस्सं."

एक होडीत, एक वाळूवर, सुखाच्या प्रश्नोत्तरांत गुंडाळून, सोगोनानं आपले हात कादियाला दिले, असं सांगतात. नातीगोती आणि गाईगुरं विचारून संपली तेव्हा कादियानं विहिरीचं सुख विचारलं, कोंबड्यांचं विचारलं. मग सोगोना म्हणाली, "मुलगी झाली तर माझ्या सवतीला सांग, मी अर्ध्या वाटेपर्यंत आले होते. उरलेली वाट तिनं चालत यावी." तिकडे आजी नातीला थट्टेनं सवत म्हणते. तिची ही शेवटची थट्टा.

निरोपाचा शेवट 'सुखानं जा' या शब्दांनी होतो. कादियाच्या तोंडी ते आलेच होते. सोगोनानं हात वर केला. "ते म्हणू नकोस. कुणीच म्हणू नका. विचारत राहा. तू दमलीस की दुसऱ्यानं विचारायचं. फाद्याला, हे दुसरं मागणं. जोवर कुणीतरी मला विचारतं आहे, तोवर माझा निरोप पुरा झालेला नाही. आणि तो पुरा झाल्याशिवाय याला मला नेता यायचं नाही."

होडी निघाली. कादिया मागे बघून ओरडत राहिली, "सोगोना, घरी सुख?" धुळीतून उत्तर येत होतं, "सुखच." धारेच्या मध्यावर सगळ्यांनी ऐकलं, की आता आवाज दोन येत आहेत. दुसरा अर्धा श्वास मागून, पहिल्याची नक्कल करत. "सुखच." "सुखच." किनाऱ्याला लागेपर्यंत दोन आवाजांतलं अंतर कमी कमी होत गेलं होतं.

अस्सा वाचली. कादियाच्या हातांखाली मूल वळलं, आणि दिवस मावळायच्या आत मुलगी झाली. तिचं नाव सोगोना ठेवलं. दुसऱ्या दिवशी फाद्याला बेटावर गेला. वाळूत पावलांचा एकच माग होता, गोल गोल फिरलेला, एखादी बाई कळा देणाऱ्या लेकीसाठी दाराबाहेर येरझाऱ्या घालते तसा. तो पाण्याकडे जात नव्हता. कुठेच जात नव्हता. माणूस मात्र दिसलं नाही. फाद्यालानं हाक घातली, "घरी सुख?" आणि रिकाम्या वाळूवरून उत्तर आलं.

त्यानं होडीला तेरावी फळी ठोकली आणि तिच्यावर कधी कुणाला बसू दिलं नाही. कुणी कारण विचारलं तर म्हणायचा, ती उतरली आहे, गेलेली नाही. परत आली तर तिला बसायला जागा हवी.

आजही सिराफाराहून सुटणाऱ्या प्रत्येक गाडीत ती जागा रिकामी असते. गाडी पुरती भरलेली असतानाही हाळी देणारा 'भरली' म्हणत नाही, 'सोगोनाची जागा उरली' म्हणतो. धुळीच्या दिवसांत शेवटी आलेल्या उतारूला आधी चार लोक कुळावरून चिडवतात. तो हसला की आत घेतात. हसायला जरा उशीर झाला तर सगळ्यांच्या नजरा त्याच्या पायांकडे जातात. गावातून जाणाऱ्याला इथे 'सुखानं जा' कुणी म्हणत नाही. आपण जाताना 'येतो' म्हणतो ना, तसंच काहीसं. पण आपण सवयीनं म्हणतो, आणि हे लोक भीतीनं गप्प राहतात.

पुलावर बेटाच्या वर आली की गाडी हळू होते. चालक गाणं बंद करतो, काचा खाली होतात, आणि झोपलेल्यांना हलवून जागं केलं जातं. सगळी गाडी एका आवाजात विचारते, "सोगोना, घरी सुख? लेकरं सुखात? शेजारी सुखात?" एकामागून एक, न थांबता, पूल संपेपर्यंत. मागून दुसरी गाडी येते, मग तिची पाळी. पाच रस्त्यांचं गाव आहे, गाड्यांना खंड नाही.

उत्तर ऐकायला मात्र आता कुणी थांबत नाही. काचा लगेच वर जातात. पाहुणे झुमानाला विचारतात, उत्तर येतं का? झुमाना म्हणतो, त्याच्या आजोबांनी ऐकलं होतं. तेव्हा उत्तर एकाच आवाजात येत असे.

"एकाच? म्हणजे ते गेलं, आणि ती राहिली?"

म्हातारा गाडीकडे बघतो. दाराजवळची जागा सोडून सगळं भरलं आहे. तो पाहुण्यांना उठायची खूण करतो.

"एकच आवाज होता," तो म्हणतो. "कुणाचा, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. तुम्ही आपलं विचारत राहा."

आणि पाहुणे चढून बसले, दार लागलं, की तो खिडकीशी येतो, नेहमीचा प्रश्न विचारतो, "घरी सुख?", आणि उत्तराआधीच पाठ फिरवतो.